स्ट्रॅटमध्ये हमबकर बसवायचाय? आधी पिकगार्ड उघडा, मग पिकअप निवडा

इंदूरमध्ये गणपतीच्या आधी महिनाभर हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. स्ट्रॅट टाइपची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) इलेक्ट्रिक गिटार आहे, क्लीन आवाज सुरेख आहे, पण डिस्टॉर्शन लावलं की घूंऽऽ सुरू होतं आणि जरा हेवी वाजवायला गेलं की ब्रिजजवळचा पिकअप (तारेचं कंपन सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक-कॉइलचा भाग) पातळ आणि टोचरा वाटतो, तर आता कुठला हमबकर (हम मारणारा दोन कॉइलचा पिकअप) घेऊ? आणि मग मित्राने सांगितलेलं किंवा व्हिडिओत ऐकलेलं सगळ्यात हॉट (जास्त आउटपुटचं) मॉडेल मागवलं जातं, घरी येतं, आणि खाचेत बसतच नाही. किंवा बसतं, पण बाकीचे दोन पिकअप त्याच्यापुढे मेल्यासारखे वाटतात.

माझं मत आधीच सांगतो. तिन्ही बदलू नका, फक्त ब्रिजचा बदला. मधला आणि नेकचा (मानेजवळचा) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, तसाच राहू द्या, कारण स्ट्रॅट घेतली ती त्यांच्यासाठीच, त्या दोघांचा मिळून जो टणत्कार येतो तो दुसऱ्या गिटारीत सहज सापडत नाही. आणि ब्रिजला जो घ्याल तो ह्या दोघांशी जमवून घेणारा घ्या. खालचं सगळं ह्या एकाच विचाराने लिहिलंय.

आवाज नक्की कसला येतोय ते बघा

अँप चालू करा, गेन वाढवा, तारांवर हात ठेवा (म्हणजे दाबून बंद करा) आणि गिटार हातात धरूनच हळूहळू जागेवर गोल फिरा. एका दिशेला तोंड केलं की घूं वाढतं आणि काटकोनात वळलं की जवळजवळ जातं, असं होत असेल तर तो चुंबकीय हम आहे, आपल्याकडच्या 50 हर्ट्झ लाइनचा आणि त्याच्या पटींचा, ट्रान्सफॉर्मरमधून, मंडपातल्या डिमरमधून येणारा. ह्यावर हमबकर हा खरा उपाय आहे.

पण तारांना हात लावला की आवाज कमी होतो आणि काढला की बुझ्झ वाढतं, तर तो वेगळा प्रकार. तिथे शिल्डिंग कमी पडतंय. पिकअपच्या खाचेला आतून कॉपर टेप लावून ती ग्राउंडला जोडली तर ह्यात फरक पडतो, हमबकर घेऊन फारसा पडत नाही. आणि तारांना हात लावून माइकला ओठ लागले की झिणझिण्या येत असतील, तर गिटार ठेवा आणि आधी अर्थिंग तपासून घ्या, तिथे पिकअपचा संबंधच नाही. जुन्या वाड्यांमधल्या वायरिंगवर आणि घाईत उभ्या केलेल्या स्टेजवर हे होतं आणि हे जिवावर बेतू शकतं, म्हणून मी ह्याला पहिल्या पायरीतच घेतलंय.

थोडक्यात तत्त्व असं, की हमबकरमध्ये दोन कॉइल असतात, एकीचं गुंडाळणं दुसरीच्या उलट आणि चुंबकाची दिशाही उलट. तारेचा सिग्नल दोन्हीकडून बेरीज होऊन येतो, बाहेरून येणारा हम मात्र एकमेकांना मारून टाकतो. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर 1954 मध्ये आली ती तीन सिंगल कॉइल घेऊन, आणि गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हमबकरच्या पेटंटचा अर्ज केला 1955 मध्ये, तो लेस पॉल गिटारवर यायला 1957 उजाडलं. पेटंट मिळायच्या आधीच्या पिकअपवर खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं स्टिकर असायचं, म्हणून आजही त्या जातीच्या आवाजाला सगळे पीएएफ म्हणतात. कॅटलॉगमध्ये पीएएफ स्टाइल लिहिलेलं दिसलं की समजायचं, मध्यम आउटपुट, मोकळा, जरा गोड आवाज.

आता पिकगार्ड उघडा

तारा सैल करून काढा, पिकगार्डचे, म्हणजे पिकअप बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीचे, स्क्रू काढा (साधारण 11 असतात, जुन्या पद्धतीच्या गिटारवर 8) आणि स्क्रू एका वाटीत ठेवा, ते बारीक असतात आणि हरवतात. पिकगार्ड उलटा करताना वायरी ताणू नका, आउटपुट जॅककडे जाणारी वायर आणि ब्रिजच्या स्प्रिंगकडे जाणारी ग्राउंडची वायर आखूड असते. लगेच मोबाइलने दोन-तीन फोटो काढा, प्रत्येक वायर कुठे लागलीय ते स्वच्छ दिसेल असे. नंतर हे फोटोच कामाला येतात.

आत लाकडात खाच कशी आहे त्यावर तुमचे पर्याय ठरतात. एक तर तीन अरुंद खाचा दिसतील, म्हणजे फक्त सिंगल कॉइलपुरती जागा. किंवा ब्रिजकडची खाच रुंद असेल, तिथे पूर्ण हमबकर मावतो. किंवा सगळीकडून एकच मोठा खड्डा असेल, ज्याला स्विमिंग पूल रूट म्हणतात, बऱ्याच स्वस्त गिटारींमध्ये तो असतो आणि आपल्यासाठी तर चांगलंच आहे, काहीही बसवा. पूर्ण हमबकर साधारण 70 बाय 38 मिलिमीटर असतो, सिंगल कॉइलचं कव्हर तेवढंच लांब पण रुंदीला 18 च्या आसपास. पट्टीने मोजा, खोलीपण मोजा.

खाच अरुंद असेल तर लाकूड कापायचं की नाही हा प्रश्न येतो. माझा सल्ला, नका कापू. फर्निचरचं उत्तम काम करणारे सुतार आपल्याकडे भरपूर आहेत, पण गिटारची खाच टेम्प्लेट लावून राउटरने मारावी लागते, नाहीतर कडा तुटते, पॉलिश उडतं, आणि ते परत भरता येत नाही. शिवाय पिकगार्डही नवा घ्यावा लागतो, आणि स्वस्त गिटारींची भोकं फेंडरच्या मापाशी जुळतीलच असं नाही. सिंगल साइझचा (सिंगल कॉइलच्याच मापाचा) हमबकर घेतलात तर ह्यातलं काहीच करावं लागत नाही, जुन्या जागी, जुन्या दोन स्क्रूवर बसतो.

सिंगल साइझ, स्टॅक, की पूर्ण हमबकर

इथे स्वतःला एकच विचारा, मला सुटका फक्त हमपासून हवीय की आवाजच जाड हवाय?

फक्त हम नको असेल आणि आवाज स्ट्रॅटचाच हवा असेल तर स्टॅक नावाचा प्रकार बघा. त्यात दोन कॉइल शेजारी शेजारी नसून एकावर एक असतात, त्यामुळे तारेला वरचीच कॉइल जास्त ऐकते आणि आवाज सिंगल कॉइलच्या जवळ राहतो. तोटा असा की तो उंचीला जास्त असतो, उथळ खाचेत खाली टेकतो, म्हणून खोली मोजायला सांगितलं.

आवाज जाड हवा असेल तर सिंगल साइझमधले शेजारी कॉइलवाले. पिकअप बनवणाऱ्या सीमोर डंकनमध्ये लिटल ’59, जेबी ज्युनिअर, हॉट रेल्स, डिमार्झिओमध्ये चॉपर, सुपर डिस्टॉर्शन एस वगैरे. ह्यातले बरेच रेल असतात, म्हणजे सहा खिळ्यांऐवजी दोन लांब पट्ट्या. बेंड घेताना तार खिळ्यावरून सरकून दोन खिळ्यांच्या मध्ये गेली की काही पिकअपमध्ये आवाज किंचित पडतो, रेलमध्ये पट्टी सलग असल्याने तो प्रश्न येत नाही. ब्रिजजवळ हे फार जाणवत नाही, पण रेलचा दुसरा मोठा फायदा म्हणजे तारांच्या अंतराची काळजीच नाही.

हे अंतर पूर्ण हमबकर घेणाऱ्यांनी नीट बघायचं. जाड ई तारेच्या मध्यापासून बारीक ई तारेच्या मध्यापर्यंत, ब्रिजच्या पिकअपच्या वर, मोजा. 52 मिलिमीटरच्या आसपास आलं तर एफ-स्पेस्ड (खिळे जरा लांब लांब असलेला) हवा, सीमोर डंकन त्यालाच ट्रेमबकर म्हणतं. 49-50 आलं तर साधा चालेल. थोडं इकडेतिकडे असेल तर आवाजात आभाळ कोसळत नाही, पण बाहेरच्या दोन्ही तारा खिळ्यांच्या बाहेर लटकताना दिसल्या की रोज डोळ्याला खुपतं.

किती हॉट?

दुकानात किंवा ऑनलाइन पानावर डीसी रेझिस्टन्स लिहिलेला असतो, 8के, 13के, 16के (के म्हणजे किलोओहम), आणि लोक तो आकडा मोठा म्हणजे पिकअप दमदार असं धरून चालतात. असं नसतं. कॉइलची तार बारीक वापरली की आकडा वाढतो, त्यासाठी वेढे वाढवावेच लागत नाहीत, आणि चुंबक कुठला आहे ते त्या आकड्यात दिसतच नाही. सीमोर डंकनचा जेबी 16 च्या वर आहे, डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन 14 च्या आत, तरी सुपर डिस्टॉर्शनला कोणी कमजोर म्हणणार नाही, कारण त्यात सिरॅमिक चुंबक आहे. इंडक्टन्स (कॉइलचा हेन्रीत मोजला जाणारा गुण) दिलेला असेल तर तो जास्त उपयोगी. स्ट्रॅटचा सिंगल कॉइल साधारण 2 ते 3 हेन्री, पीएएफ जातीचा 4 ते 5, आणि हॉट प्रकार 7-8 किंवा त्याहून वर. हेन्री वाढले की वरची चमक कमी आणि मधला भाग जाड होत जातो.

नेक आणि मधला जर साधे, 6के च्या आसपासचे सिंगल कॉइल असतील तर ब्रिजला 16-17के चा सिरॅमिक रेल लावलात की स्विच बदलताना व्हॉल्यूम एकदम उडी मारतो. सोलोला चालून जाईल, पण ज्याला एकाच गाण्यात क्लीन कडवं आणि हेवी मुखडा वाजवायचाय त्याला ते फार त्रास देतं. म्हणून माझी पसंती मध्यम आउटपुटवाल्याला, लिटल ’59 च्या जातीला. गेन लागला तर पेडल आहे ना. पिकअप मोकळा असेल तर गेन वाढवून जाड करता येतो, पण आधीच कोंदट असलेल्याला नंतर मोकळं करता येत नाही. फक्त मेटलच वाजवणार असाल, ड्रॉप ट्यूनिंगमध्ये (जाड तार खालच्या सुरात उतरवून), तर मात्र बिनधास्त सिरॅमिक हॉट घ्या, तिथे खालच्या तारांचा घट्टपणा महत्त्वाचा.

पॉटचं गणित, आणि इथे बरेच जण उगाच खर्च करतात

सगळीकडे ऐकू येतं की हमबकर म्हणजे 500के पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा फिरता रेझिस्टर), सिंगल म्हणजे 250के, त्यामुळे हमबकरसोबत नवे पॉटही मागवले जातात. थांबा आणि एकदा नीट बघा काय होतं ते.

व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पूर्ण उघडे असताना पिकअपला हे दोन पॉट समांतर जोडलेले दिसतात. गिब्सनमध्ये 500 आणि 500, समांतर म्हणजे 250. स्ट्रॅटच्या नेक पिकअपला 250 आणि 250, म्हणजे 125. पण पारंपरिक स्ट्रॅट वायरिंगमध्ये ब्रिजच्या पिकअपला टोन पॉट जोडलेलाच नसतो! पहिला टोन नेकचा, दुसरा मधल्याचा. म्हणजे ब्रिजला फक्त व्हॉल्यूमचा 250 दिसतो, आणि हा बरोबर तेवढाच भार आहे जेवढा गिब्सनमध्ये हमबकरवर असतो. म्हणजे ब्रिजला हमबकर टाकलात आणि पॉट तसेच ठेवलेत तरी आवाज कोंदटणार नाही, आणि नेक-मधला सिंगल कॉइल आहेत तसेच गोड राहतील.

तुमच्या गिटारमध्ये तसं आहे का हे उघडायच्या आधीच कळतं. स्विच ब्रिजवर ठेवा, दोन्ही टोन पाळीपाळीने शून्यावर आणा. आवाज बदलला नाही तर टोन जोडलेला नाही, काम झालं. बदलला तर नव्या पद्धतीचं वायरिंग आहे, दुसरा टोन बहुधा ब्रिजलाही लावलेला आहे, तेव्हा ती एक वायर किंवा जंपर सोडवला की झालं. ब्रिजला टोन हवाच असेल तर मग व्हॉल्यूम 500के करा, आणि दोन्ही सिंगल कॉइल टोचायला लागू नयेत म्हणून स्विचवर त्यांच्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत प्रत्येकी 470के चा रेझिस्टर लावा, 500 आणि 470 समांतर म्हणजे परत 240 च्या आसपास.

पॉट बदलायची वेळ आलीच तर इंदूरच्या महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत शोधायला हरकत नाही, पण मी तिथे गिटारसाठी 250के पॉट मागितला तर काउंटरमागच्या काकांनी दोन डबे उघडून दाखवले आणि म्हणाले, “भिया, ये रेडियो-अँप वाला है, नॉब नहीं बैठेगा.” खरं सांगत होते ते. दांड्याची जाडी आणि खाचा वेगळ्या असतात, आणि व्हॉल्यूमला ए टेपर (नॉब फिरवताना आवाज कानाला सारखा वाढत जाणारा) लागतो, तिथे बहुतेक बी टेपर (लिनिअर) मिळतो. पॉट ऑनलाइन घ्या, महाराणी रोडवरून मल्टिमीटर, सोल्डर, फ्लक्स, सोल्डर शोषायची जाळी घेऊन या.

चार वायरीवालाच घ्या

खरेदीच्या वेळी ही एक अट पक्की ठेवा, पिकअपला चार कंडक्टर आणि एक उघडी वायर असली पाहिजे. काही विंटेज स्टाइलवाल्यांना एकच वायर आणि वर जाळी असते, जाळी ग्राउंड असते, त्यात काही उलटसुलट करता येत नाही. आणि आपल्याला करावं लागू शकतं.

सीमोर डंकनचे रंग असे: काळी हॉट (इथे हॉट म्हणजे सिग्नलची वायर), हिरवी ग्राउंड, उघडी ग्राउंड, लाल आणि पांढरी एकमेकांना जोडायच्या. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंड, काळी-पांढरी एकमेकांना. दोन्ही कंपन्यांचे रंग सारखे नाहीत, म्हणून सोबतचा कागद बघूनच लावा, तिसऱ्या कंपनीचा असेल तर अंदाजाने तर अजिबात नको.

जोडल्यावर पहिलं काम, स्विच ब्रिज अधिक मधला ह्यावर आणा. आवाज डब्यातून आल्यासारखा, पातळ, खालचा भाग गायब असा आला तर दोघं फेजमध्ये नाहीत, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना मारतायत. बाकी काही हलवू नका, फक्त हमबकरची हॉट आणि ग्राउंडची वायर अदलाबदल करा, डंकनमध्ये काळी आणि हिरवी. उघडी वायर मात्र ग्राउंडलाच ठेवायची. मधल्याच्या वायरी उलटवायच्या फंदात पडू नका, ब्रिजशी जमेल पण नेकशी बिघडेल.

ब्रिज अधिक मधला ह्या पोझिशनचा टणत्कार वाचवायचा असेल तर

पूर्ण हमबकर आणि मधला सिंगल एकत्र केला की आवाज जाड येतो, पण स्ट्रॅटची ती ओळखीची टणटण जाते. ती परत आणायला महागडा सुपर स्विच लागतो असं सांगतात, पण साधा पाच पोझिशनचा स्विच पुरतो.

स्विचला दोन बाजू असतात. एका बाजूला पिकअप लागलेले, दुसऱ्या बाजूला टोनच्या वायरी, आणि दोन्ही बाजूंच्या कॉमन पिना एका तुकड्याने जोडलेल्या. तो तुकडा काढा. टोनच्या दोन वायरी तिथून सोडवून पहिल्या बाजूला आणा, नेकचा टोन नेकच्या पिनेवर, मधल्याचा टोन मधल्याच्या पिनेवर, काम तसंच करतात. आता दुसरी बाजू मोकळी झाली. तिची कॉमन पिन ग्राउंडला जोडा, आणि तिच्या मधल्या पिनेवर (मधल्या पिकअपच्या पिनेशी जुळणाऱ्या) हमबकरची ती जोडलेली जोडी (लाल-पांढरी) आणा. बस. स्विच एकट्या ब्रिजवर असताना पूर्ण हमबकर, ब्रिज अधिक मधला केलं की त्या जोडीला ग्राउंड मिळतो आणि एकच कॉइल उरते. एकटा मधला आणि मधला अधिक नेक ह्या पोझिशनमध्येही ती जोडी ग्राउंड होते, पण तेव्हा ब्रिज आउटपुटला जोडलेलाच नसतो, त्यामुळे काही बिघडत नाही.

अशा एका कॉइलवर मधल्यासोबत हम जातो की नाही हे कानाने बघा. हम राहिला तर दुसरी कॉइल जागी ठेवायला हवी, त्यासाठी दोन कॉइलचा क्रम बदलायचा: डंकनमध्ये लाल हॉटला, काळी आणि हिरवी एकमेकांना जोडून स्विचच्या त्या मधल्या पिनेला, पांढरी आणि उघडी ग्राउंडला. फेज बदलत नाही, फक्त कुठली कॉइल उरते ते बदलतं. वर फेजसाठी काळी-हिरवी उलटवली असेल तर इथे पांढरी हॉटला आणि लाल ग्राउंडला येईल, जोडी तीच राहील.

सोल्डर आणि उंची

पॉटच्या पाठीवर ग्राउंड लावताना 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न बहुतेक वेळा कमी पडते, पाठ गरम होईपर्यंत आतली पट्टी भाजते. 40 ते 60 वॉटची घ्या, पाठ सँडपेपरने घासून चकचकीत करा, फ्लक्स लावा, आणि दोन-तीन सेकंदात काम संपवा. टाका मंद राखाडी आणि गोळ्यासारखा दिसला तर परत गरम करा. तारा लावायच्या आधी अँपला जोडून स्क्रूड्रायव्हरचं टोक प्रत्येक पिकअपवर हळूच टेकवा, टकटक आली म्हणजे तो चालू आहे. असं केलं म्हणजे पिकगार्ड पाचदा उघडावा लागत नाही.

उंची शेवटी, नव्या तारा लावून ट्यून करून. शेवटची फ्रेट दाबा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपपर्यंत मोजा. ब्रिजचा हमबकर 2 मिलिमीटरपासून सुरू करा, जाड तारेकडे किंचित खाली. मग नेकवर स्विच करून ऐका. हमबकर जोरात वाटला तर तो खाली घ्या, नेकला वर आणून बरोबरी करू नका, सिंगल कॉइलचे चुंबक तारांना ओढतात आणि वरच्या फ्रेटवर जाड तारांचा सूर डगमगायला लागतो. अर्धा फेरा, मग ऐकणं, मग परत अर्धा फेरा. आणि हे घरातल्या छोट्या अँपवर करून थांबू नका, ज्या अँपवर, ज्या आवाजात मंडपात वाजवणार आहात तिथे ड्रमरसोबत एकदा ऐका, आणि तेव्हा स्क्रूड्रायव्हर खिशात असू द्या.